तळव्याची कमान आणि पाव्हलोव्हाचे बूट

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारा वर्षांची, चार वर्षं भरतनाट्यम शिकते. अंगानं काडी, तळव्याला कमान फार. पाय आपटल्याचा आवाज येत नाही म्हणून क्लासमध्ये कायम मागच्या रांगेत. आता तिनं मोबाइलवर रशियन बॅले नर्तकी आन्ना पाव्हलोव्हाचा 'मरणारा हंस' हा नाच पाहिलाय आणि बॅलेच शिकायचं म्हणते. पाव्हलोव्हाचे पाय खरंच असे होते का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अगदी असेच. १८८१ साली पीटर्सबर्गला जन्मली, आई लोकांचे कपडे धुणारी. त्या माउलीनं एकदा मारिन्स्की नाट्यगृहात बॅले दाखवला आणि पोरगी हट्टाला पेटली. सरकारी नृत्यशाळेनं आधी लहान म्हणून परत पाठवलं, १८९१ला घेतलं. बरोबरच्या पोरी तिला 'केरसुणी' म्हणायच्या. तेव्हा चलती होती इटलीच्या दणकट, गरगर फिरणाऱ्या नर्तकींची. हिनंही तसं फिरून पाहिलं, तर गुरू गेर्ड्टनी बजावलं, की ती कसरत दुसऱ्यांना करू दे. तुझं बळ तुझ्या नाजूकपणात आहे.

बुटांचं मात्र सविस्तर सांगते. कमान उंच असली की चवड्याच्या टोकावर उभं राहताना सगळा भार अंगठ्यावर येतो. तिनं बुटाच्या तळाला चामडं घातलं, टोक कडक नि चपटं करून घेतलं. बाकीच्या म्हणाल्या, ही लबाडी! तिलाही ते बोचत असावं, कारण फोटोत बुटांची टोकं बारीक करून घ्यायची. (१९०६ला मारिन्स्कीची मुख्य नर्तकी झालेली बाई, आणि लपवते काय तर बुटाचं टोक! मला ती इथंच आवडते.) आज टोक कडक केलेलेच बूट सगळ्या घालतात. आपल्या मिरजेचा सतारमेकर तरी काय करतो? भोपळा बघून सतार बेततो.

आणि हो, आधी बॅलेकडे ओढल्या गेलेल्या आणि पुढं भरतनाट्यमच्या थोर नर्तकी झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना 'आपल्या देशाचं नृत्य बघा' असं सुचवणारी हीच पाव्हलोव्हा. हे मुलीला जरूर सांगा.

क्लास इतक्यात सोडवू नका. पाय आपटताना टाच दुखते का, एवढं तिला एकटीला विचारा. दुखत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना तळवे दाखवा आणि ते काय म्हणतात ते क्लासच्या बाईंच्या कानावर घाला. मागच्या रांगेचं त्यानंतर बघू.