मुलीसोबत ड्रीमकॅचर करतेय, पण जाळी सैल पडते. काय चुकतंय?

ड्रीमकॅचर म्हणजे कड्यात दोऱ्याची जाळी विणून टांगायची वस्तू, वाईट स्वप्नं अडकवते असं मानतात ती. सात वर्षांच्या मुलीसोबत दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा जाळी मधोमध लोंबली, असं तुम्ही लिहिलंय. आमचा पहिला ड्रीमकॅचरही कोळ्याच्या जाळ्यापेक्षा भाजीच्या पिशवीसारखाच दिसत होता!

बहुतेक वेळा गोची पहिल्या फेरीतच होते. गुळगुळीत कड्यावर गाठी सरकतात, म्हणून आधी कड्याला लोकर घट्ट गुंडाळून घ्या. साधारण १५ सेंमीचं कडं असेल तर दोन-अडीच मीटर जाडसर सुती दोरा पुरतो. नायलॉनचा नको, तो निसटतो. दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून दिला की गुंता होत नाही.

पहिल्या फेरीत कड्यावर सारख्या अंतरावर आठ अर्ध्या गाठी घाला (दोरा कड्याभोवती फिरवून तयार झालेल्या फासातून ओढून घ्यायचा) आणि प्रत्येक गाठीवर कपड्यांचा चिमटा लावा. दोन गाठींमधला दोरा सरळ ताणलेला हवा. दुसऱ्या फेरीपासून कड्याला हात लावायचा नाही. आधीच्या फेरीतल्या प्रत्येक दोऱ्याच्या मध्यावर तशीच गाठ घालून आत ओढायचं. त्या दोऱ्याला कोन पडला की ताण बरोबर आहे. दोरा दर वेळी एकाच बाजूने घाला, नाहीतर नक्षी बिघडते. मध्ये छोटं भोक उरलं की दुहेरी गाठ आणि गोंदाचा थेंब. ताण तुम्ही धरा, गाठ तिला घालू द्या.

आणखी लहान भावंड असेल तर कागदी ताटलीचा मधला भाग कापून कडेला १०-१२ भोकं पाडून द्या, ते हवं तसं ओवत बसेल. फक्त मणी त्याच्या हाती देऊ नका.

गाठी घालता घालता तिला गोष्टही सांगा. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या परिसरातल्या ओजिब्वे लोकांची ही वस्तू. तान्ह्या बाळाला बांधून ठेवायच्या लाकडी पाळणाफळीवरच्या कड्याला ती टांगत, आणि कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकावी तसं वाईट ते तिच्यात अडकतं, असं मानत. अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२९ च्या पुस्तकात तिचं वर्णन केलंय: लाकडाचं कडं, जेमतेम साडेतीन इंचांचं. बाजारातले ताटाएवढे, पिसांनी लगडलेले नमुने बरेच नंतरचे. त्यामुळे पिसं मिळाली नाहीत म्हणून अडून बसू नका.

आमच्या मुलाने गोष्ट ऐकून विचारलं, “मग अडकलेली स्वप्नं झाडायची कधी?” सकाळच्या उन्हात ती आपोआप विरतात म्हणे. तेव्हापासून आमचा ड्रीमकॅचर खिडकीत आहे.