१६ तासांच्या विमानप्रवासात आईबाबांचा वेळ कमी खर्चात कसा जाईल?

तुम्ही लिहिलंय, आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत. नागपूरहून मुंबई, मग आखातात विमान बदलून ह्यूस्टन, आणि तो शेवटचा टप्पा १६ तासांचा. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून दहा हजारांपर्यंतचा कोणता टॅबलेट घ्यावा, की त्याहून स्वस्तात काही जमेल, असं विचारलंय.

टॅबलेट घेऊ नका. ज्याला असाच टॅबलेट घेऊन दिला होता तो बाप मी आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो. एरवी मी इथे फक्त वाचतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोघं याच मार्गाने मुलाकडे गेलो. निघायच्या आदल्या रविवारी मुलाने व्हिडिओ कॉलवर आमची बॅग भरून घेतली. भरत आम्ही होतो, हुकूम त्याचा होता. खोबऱ्याच्या वाट्या काढायला लावल्या, ते बरोबरच होतं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला धोकादायक मालात धरतात. मग माझ्या हँडबॅगमधला पत्त्यांचा जोड त्याला दिसला.

"बाबा, ते पत्ते काढा. विमानात पत्ते पिसत बसाल, लोक काय म्हणतील? जुगारी वाटाल."

मी कॅमेऱ्यासमोर जोड टेबलावर ठेवला. कॉल बंद झाल्यावर उचलला आणि बायकोच्या गोळ्यांच्या पिशवीत तळाला सरकवला. तिला सांगितलं नाही, कारण या बाबतीत ती मुलाच्या पार्टीत आहे.

आता हे भांडण नुसतं बॅगेचं नव्हतं, हे तुम्हाला कळायला हवं. माझी सरकारी नोकरी. फायली घेऊन मंत्रालयात जायचं तर विदर्भ एक्सप्रेस, संध्याकाळी नागपूरला बसायचं आणि सकाळी दादरला उतरायचं. कधी कधी महिन्यातून दोनदा. आमचा चौघांचा पत्त्यांतला मेंढीकोट ठरलेला. अजनी गेलं की सूटकेस मांड्यांवर आडवी, वर टॉवेल, आणि वर्धा येईपर्यंत पहिला कोट चढलेला असायचा. मुलाने हे लहानपणी पाहिलं आणि त्याच्या डोक्यात बसलं की बाबा म्हणजे पत्ते कुटणारा माणूस. एकदा मोठेपणी म्हणालासुद्धा, "माझ्या दहावीच्या वर्षी तुम्ही पत्त्यांत होता." त्या वर्षी मी दौऱ्यांत होतो, पत्ते दौऱ्यांत होते. पण असं वाक्य एकदा बोललं गेलं की घरात राहायलाच येतं.

असो. विमानाकडे येतो.

मुंबईहून आखातापर्यंत झोपेत गेलो. दुसऱ्या विमानात बसलो आणि आमच्या रांगेतल्या तिन्ही सीटच्या स्क्रीन काळ्या. कंपनीचं नाव घेत नाही. विमानातल्या मुलीने दोनदा सगळं बंद करून चालू केलं, माफी मागितली, पण विमान गच्च भरलेलं, शेजारी शेजारी दोन जागा दुसरीकडे नव्हत्याच. चार्जिंगची खाच होती, तीही मेलेली. मी म्हटलं हरकत नाही, आपल्याकडे टॅबलेट आहे. पुतण्याने त्यात अकरा सिनेमे भरून दिले होते. पहिला उघडला, तर म्हणे इंटरनेट जोडा. दुसरा उघडला, मुदत संपली. बॅटरी १८ टक्के. तिसरा कसाबसा लागला, तर हेडफोन ब्लूटूथचे, ते घरून चार्जच केलेले नव्हते.

खिडकीशी हैदराबादची एक मुलगी होती. एमएस करायला चाललेली, आयुष्यात पहिल्यांदा एकटी. विमान उडाल्यापासून तोंड खिडकीकडे करून रडत होती. बायकोने तिला चिवडा दिला, तो तिने हातातच धरून ठेवला.

साधारण दोन तासांनी बायको रक्तदाबाची गोळी काढायला गेली आणि तिच्या हातात पत्ते आले.

"हे काय करून राहिलं माझ्या गोळ्यांमध्ये?"

मी गप्प. ती मुलगी आमच्याकडे बघायला लागली. मग त्या पोट्टीने हैदराबादी हिंदीत विचारलं, "अंकल, इसमें क्या खेलते?"

आता इथे तुम्हाला माझं मुख्य उत्तर. लांबच्या विमानातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लांब टिकणारा विरंगुळा म्हणजे पत्त्यांचा एक साधा जोड आणि पाच-तीन-दोन. मेंढीकोटला चार माणसं लागतात, रमीत टेबलावर जागा पुरत नाही, बदाम सातला तर पूर्ण सतरंजी हवी. पाच-तीन-दोनला बरोबर तिघं लागतात, आणि मोठ्या विमानात खिडकीकडच्या रांगेत सहसा तीनच खुर्च्या असतात. खेळ शोधणाऱ्याने विमान पाहिलं नसेल, पण मोजून शिवल्यासारखा बसतो. मधल्याचं टेबल उघडायचं, त्यावर विमानात मिळणारी चादर दुहेरी घालायची, नाहीतर पत्ते घसरतात.

३० पत्ते लागतात. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांचे २८, आणि दोन सत्त्या. आधी पाच-पाच वाटायचे, हुकूम सांगायचा (म्हणजे बाकीच्या रंगांना मारणारा रंग), मग उरलेले. प्रत्येकी १० पत्ते, १० हात; तिघांनी एकेक पत्ता टाकला की एक हात, भारी पत्त्याचा. आमच्याकडे वाटणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम सांगणाऱ्याने पाच, उरलेल्याने तीन. पुढच्या डावाला वाटप सरकतं, म्हणजे सगळ्यांवर सगळं येतं. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात कमी झालेल्याचा पत्ता न बघता ओढतो आणि आपला फालतू पत्ता त्याला देतो. खरी गंमत ओढण्यातच आहे. एक्का आलेला असतो, चेहरा दगडासारखा ठेवलेला असतो, आणि समोरचा नेमका तोच ओढून नेतो.

मुलगी तीन डावांत शिकली. चौथ्या डावाला तिने माझा हुकमाचा राजा ओढला आणि पहिल्यांदा हसली. बायकोने माझ्याबरोबर वीसेक वर्षांत पत्ते हातात धरले नव्हते. मला वाटलं होतं दहा मिनिटांत कंटाळेल. तिने मला सलग चार डाव दोन हातसुद्धा करू दिले नाहीत. नंतर कळलं, माहेरी ती भावांना रडवायची. लग्नाला ३४ वर्षं झाली आणि ही माहिती मला कुठेतरी ग्रीनलंडच्या आसपास मिळाली. (ग्रीनलंड खरंच होतं की नाही देवाला ठाऊक, नकाशाची स्क्रीनही बंदच होती. पण खाली पांढरं होतं.)

मध्ये विमान हललं तेव्हा पत्ते उधळले. सगळे सापडले, बदामाची नश्शी काही सापडली नाही, अजूनही त्या विमानातून फिरत असेल. पण २२ पत्ते तर बाजूलाच असतात. त्यातली किलवरची पंजी घेतली, पेनाने तिच्यावर मोठा ९ काढला आणि तीच बदामाची नश्शी. टॅबलेट बिघडला तर असं करता येतं का, सांगा.

पाच तास खेळलो. जेवण, झोप, पुन्हा दोन तास. पलीकडच्या रांगेतले एक काका उभे राहून बघत होते, बायकोला हुकूम सुचवायला लागले. तिने त्यांना हातानेच थांबवलं.

बाकीचं थोडक्यात सांगतो.

हेडफोन दीडशे-दोनशे रुपयांचे साधे वायरचे घ्या, सीताबर्डीला फुटपाथवर मिळतात. पुष्कळ विमानांतल्या स्क्रीनला अजून ब्लूटूथ जोडता येत नाही. काही ठिकाणी दोन पिनांची खाच असते, तिथे साधी पिन घातली तर एकाच कानात ऐकू येतं, तेवढ्याने भागतं. फोनमध्ये जे काही डाउनलोड कराल ते निघायच्या आदल्या दिवशी एरोप्लेन मोड लावून एकदा उघडून बघा. आमच्या पुतण्याने हेच केलं नव्हतं. पॉवर बँक सामानात टाकायची नाही, हातातच ठेवायची, आणि १०० वॉट-अवरपर्यंतचीच, म्हणजे साधारण २७ हजार एमएएच. हल्ली काही कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत, म्हणून तिच्या भरवशावर १६ तासांचे बेत करू नका.

वाचणाऱ्यांसाठी जुने दिवाळी अंक. दोन पुरतात, वाचून झाला की शेजाऱ्याला देता येतो, आणि शब्दकोडं निम्मं सुटलेलं असेल तर बाबांना आयता वाद मिळतो.

खाणं हाही विरंगुळाच आहे. केबिनमधली हवा कोरडी असते आणि दाब ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरचा. त्यामुळे मीठ-साखर जिभेला कमी लागते आणि विमानातलं जेवण मिळमिळीत वाटतं. घरचा चिवडा थोडा जास्त तिखटमिठाचा करून न्या, तिथे बरोबर लागतो. आम्ही आंबिया बहाराची चार संत्री नेली होती. एक सोललं आणि आजूबाजूच्या तीन रांगा जाग्या झाल्या. पण उरलेली विमानातच संपवा. ताजी फळं अमेरिकेत उतरवायची नसतात, दाखवली नाहीत तर दंड होतो.

आणि जुगाराचं काय, हे तुमच्या घरीही कोणी विचारेल. पैसे नाहीत तिथे जुगार नाही, एवढं साधं आहे. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगून ठेवलंय. मी हे मुलाला ऐकवलं, तर तो म्हणाला, "बाबा, त्यात पैसे लावले तर काय, तेही वाचा." वाचलं. तिथे गोष्ट बदलू शकते, मान्य. मी आयुष्यात चहाच्या पुढे काही लावलं नाही. पण मोबाईलवर रात्री दोनपर्यंत गोट्या फोडत बसणाऱ्याने मला वेळ वाया जाण्याबद्दल सांगू नये, एवढंच माझं म्हणणं.

दोन गोष्टी राहिल्या. दर दीड-दोन तासांनी आईबाबांना उठून चकरा मारायला सांगा, खेळात आम्ही विसरलो आणि बायकोचे पाय सुजले. आणि शेजारचा झोपलेला असेल, किंवा त्याला रस नसेल, तर ओढूनताणून बसवू नका. मग दोघांत गुलामचोर खेळा, जरा पाणचट होतो पण चालतो. तुमच्या बाबांना पत्त्यांची आवडच नसेल तर माझं हे उत्तर निम्मं वाया गेलं. तरी टॅबलेट घेऊ नकाच.

दहावीचं म्हणाल, तर त्या वर्षी मी सहामाहीच्या निकालाच्या दिवशी गाडीत होतो. ते खरं आहे. मुलाला मी ते कधी म्हटलं नाही, इथे लिहून टाकलं.

ह्यूस्टनला आम्ही तीन महिने राहिलो. जेवणं झाली की मी, बायको आणि सून, असे तिघं पाच-तीन-दोनला बसायचो. मुलगा आजतागायत बसलेला नाही. मागे उभा राहून सुनेच्या हातातले पत्ते बघायचा आणि ती चुकली की तोंडातून आवाज काढायचा.

त्या हैदराबादच्या पोट्टीचा मागच्या महिन्यात बायकोला मेसेज आला. खोलीवर तिघीजणी राहतात, पत्ते आणलेत, पण एक गोष्ट आठवेना. "आंटी, कौनसी सत्ती रखते?"

बदाम आणि इस्पिकाची ठेवायची. चौकट आणि किलवरची काढायची.