वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता, म्हणून मायक्रोबायोम टेस्ट करायची का?

तुमचं वय ३६, वडिलांना ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि पोटातल्या बॅक्टेरियांमुळे तो होतो असं वाचून तुम्ही घरपोच किटवाली मायक्रोबायोम टेस्ट, म्हणजे संडासच्या सॅम्पलमधून पोटातले बॅक्टेरिया बघणारी, करायची म्हणताय. टेस्टचं आधी सांगून टाकते, नका करू. पण बॅक्टेरियांची भानगड खरी आहे, नुसती व्हॉट्सॲपवरची नाही.

ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्याच पोटात असतो, पण त्यातले काही प्रकार कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात आणि ते थेट पेशीच्या डीएनएला चिकटतं. नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स या शास्त्रज्ञाच्या टीमनं लॅबमध्ये आतड्याच्या पेशींचे इवले इवले गोळे वाढवले, त्यांच्यात हे बॅक्टेरिया पाच महिने पुन्हापुन्हा सोडले, मग डीएनए वाचला तर ठरावीक पद्धतीची मोडतोड, आणि तशीच्या तशी मोडतोड काही पेशंटांच्या ट्यूमरमध्येही सापडली. हे २०२० चं. मग २०२५ मध्ये ११ देशांतले ९८१ ट्यूमर तपासले (भारत नव्हता त्यात), तर चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत या मोडतोडीचे ठसे सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त! आणि हिशोब असा लागतो की हे नुकसान बहुधा पहिल्या दहा वर्षांत, म्हणजे लहानपणीच झालेलं असतं. चोर कधीचा पसार झालेला असू शकतो हो, मग आजच्या सॅम्पलमध्ये काय शोधणार?

दुसरा बॅक्टेरिया फ्युसोबॅक्टेरियम, मूळचा तोंडातला. हा बहुतेक नंतर येतो, ट्यूमरच्या पेशींवरची एक साखर धरून बसतो आणि इम्यून पेशींना गप्प करतो. लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींतही सापडलाय. उंदरांमध्ये मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक दिल्यावर ट्यूमरची वाढ मंदावली, पण म्हणून मेडिकलमधून आणून खाऊ नका प्लीज.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर गंमत बघा, ई. कोलाय निसल १९१७ हा जुना जर्मन प्रोबायोटिक, त्याच्यातही कोलिबॅक्टिनचीच जीन्स आहेत. त्यापेक्षा भाकरी, उसळी, पालेभाज्या खा, त्यातलं फायबर आंबवून बॅक्टेरिया ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

तुमच्या कामाची गोष्ट कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघणं. वडिलांच्या वयातून १० वजा करा, किंवा ४०, जे आधी येईल ते, म्हणजे तुमचं ३८. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध तेवढं वैतागवाणं, बाकी फारसं काही नाही, आणि पॉलिप (आतड्यातली छोटी वाढ) दिसला तर बहुतेक वेळा तिथेच काढतात. मध्येच संडासवाटे रक्त दिसलं तर मूळव्याध असेल म्हणून अंगावर काढू नका, तेव्हा ३८ची वाट बघायची नाही.

आणि हो, वडिलांची बायॉप्सीची फाइल काढा, त्यात एमएमआर टेस्टचा (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन्स आहेत का ते बघणारी) रिपोर्ट आहे का बघा. त्यातलं एखादं प्रोटीन गेलेलं असेल तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यातून येणारा कॅन्सरचा धोका, असू शकतो, आणि तो तुमच्यातही आला असेल तर कोलोनोस्कोपी, कुठल्या जीनमध्ये बिघाड आहे त्यावर, पंचविशी ते पस्तिशीच्या दरम्यानच सुरू व्हायला हवी होती, म्हणजे लगेच करायची. टेस्ट केलेलीच नसेल तर लॅबमध्ये ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) ठेवलाय का विचारा, जुन्या ब्लॉकवरही होते ती.