फणस तोडू नका, हप्ता थांबवा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. एसटीच्या वर्कशॉपमधून गेल्या वर्षी मे महिन्यात, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ते निवृत्त झाले. नाव छापू नका म्हणालेत. पत्र वहीच्या चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं इंटरनेटवर आहेत. थोडक्यात असं:

"ताई, मुलगा पुण्यात कंपनीत आहे. गावी आल्यावर त्याला काम करता यावं म्हणून गेल्या गणपतीत वायरलेस इंटरनेट घेतलं. छपरावर अँटेना, घरात राउटर. वर्षाचे पैसे एकदम भरले तर बसवणी फुकट म्हणाले, म्हणून १२,७३० रुपये भरले. पहिला महिना छान चाललं. नंतर संध्याकाळी आठनंतर चाक फिरत राहतं. जुलैत तर मोठी सर आली की बंदच. माणूस आला, अँटेना इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाला, समोरचा फणस तोडा. जूनमध्ये वीज चमकली तेव्हा राउटर गेला, त्याचे २,५०० मागतात. आता दुसऱ्या वर्षाचे पैसे भरू, की गावातल्या केबलवाल्याकडून फायबर घेऊ? तो जोडणीचे ३,००० आणि महिन्याला ६०० अधिक जीएसटी म्हणतो. पैशांची जरा ओढाताण आहे, कारण बँकेतल्या योजनेचा तीन लाखांचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, त्यासाठी एफडी मोडतोय."

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी त्या शेवटच्या वाक्याकडे जाऊ. मी तुम्हाला उलट निरोप पाठवून त्या 'योजने'चे कागद मागितले, तेव्हा तुम्ही मोबाइलवर फोटो काढून पाठवलेत. ती योजना नाही, विमा पॉलिसी आहे. वर्षाला तीन लाख, दहा वर्षं भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी पन्नास लाख मिळणार. बँकेतल्या माणसाने "एफडीसारखंच आहे, फक्त जास्त मिळतं" असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. तीस लाखांचे पन्नास, म्हणजे वीस लाख नफा, असा हिशोबही त्याने कागदाच्या कोपऱ्यात पेनाने करून दिलाय. तो कागद जपून ठेवा, त्याचा उपयोग होणार आहे.

त्या पन्नास लाखांचा व्याजदर काढला तर तो वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास येतो. तुमची एफडी सात टक्क्यांची आहे. म्हणजे सात टक्के मोडून तुम्ही पाच टक्क्यांत भरणार, तेही वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हातात येण्यासाठी.

पण दर ही दुय्यम गोष्ट आहे. तुमचा सगळा पैसाच मांडून बघू. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळून बावीस लाख आले. पाच लाख घराच्या छपराला आणि मागच्या पडवीला गेले, तीन लाख पॉलिसीत, बारा लाख एफडीत, दोन लाख बचत खात्यात. आणि पॉलिसीचे एकूण हप्ते? तीस लाख. ज्या माणसाच्या हातात आयुष्यभराची मिळून बावीस लाखांची पुंजी आली, त्याला तीस लाखांचा करार विकला गेला. एफडी संपेपर्यंत भरत गेलात तर पहिला धरून पाच हप्ते जातील, सहाव्याला खडखडाट.

घरखर्च तुम्ही महिन्याला अठरा हजार लिहिलाय. पेन्शन ३,४००. एसटीवाल्यांचं हे पेन्शन म्हणजे थट्टाच आहे, पण तो विषय वेगळा. एफडीचं व्याज महिन्याला सात हजार, मुलगा सहा हजार पाठवतो, बाकीचं काजू आणि काकूंच्या कोंबड्या भागवतात. म्हणजे घर जेमतेम चालतंय. आता एफडीतून तीन लाख काढले की महिन्याचं व्याज १,७५० रुपयांनी कमी होणार. पुढच्या वर्षी आणखी १,७५०. महिन्याला अठरा हजारांचं घर आणि महिन्याला पंचवीस हजारांची पॉलिसी, हे गणित तुमच्या वर्कशॉपमधल्या हेल्परनेसुद्धा परत पाठवलं असतं.

मग कंपनीने हे मान्य कसं केलं? तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत प्रस्ताव अर्ज आहे. तो मी मोठा करून बघितला. व्यवसाय: शेती व बागायत. वार्षिक उत्पन्न: ९,००,०००. खाली तुमची सही. अक्षर मात्र तुमचं नाही, कारण तुमचं अक्षर माझ्यासमोर चार पानं भरून आहे. तुमचं पेन्शन वर्षाला एक्केचाळीस हजारही भरत नाही, आणि कलमं म्हणाल तर घरामागे सात काजू आणि समोर तो एक फणस. तुम्ही हेही लिहिलंय की नंतर कंपनीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकते" असं तुम्हाला शाखेतून आधीच सांगितलं होतं. दर महिन्याला माझ्याकडे अशी दोन-तीन पत्रं येतात. शाखा वेगळी, जिल्हा वेगळा, आणि "सगळ्याला हो म्हणा" हे वाक्य शब्दाला शब्द तेच. मला आता राग येतो असं म्हणणंही कमी आहे.

आणखी एक गोष्ट त्या माणसाने तुम्हाला सांगितली नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची, पण निवृत्त झालेल्यांना पंचावन्नपासूनही उघडता येते. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायला हवी. त्याच शाखेत, त्याच टेबलावर ती उघडता आली असती. व्याज सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा. त्यावर त्याला विम्यासारखं कमिशन नव्हतं. ती मुदत तुमची गेली. पण तुम्ही पुढच्या मे महिन्यात साठ पूर्ण करताय, तेव्हा दार पुन्हा उघडतंय. बारा लाख तिथे ठेवले तर वर्षाला ९८,००० च्या वर, म्हणजे महिन्याला सुमारे ८,२००. आजच्या एफडीपेक्षा बाराशे जास्त. तुमच्या इंटरनेटचं महिन्याचं बिल जीएसटी धरून १,०६१ आहे, ते त्या फरकातच निघेल. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण खातं उघडताना जो असेल तो पाच वर्षं कायम राहतो.

तर आता काय करायचं.

एफडी मोडू नका. आणि बचत खात्यातले दोन लाखही नीट सांभाळा, कारण पॉलिसी घेताना तुम्ही 'ऑटो डेबिट'च्या कागदावर सही केली आहे. खात्यात तीन लाख दिसले की हप्ता आपोआप ओढला जाईल. बँकेत लेखी अर्ज देऊन ते मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द करा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ते म्हणतील, साहेब नाहीत, उद्या या. उद्या जा, पण शिक्का घेतल्याशिवाय परतू नका.

पॉलिसी परत करायची तीस दिवसांची मुदत कधीच उलटली. पाकीट नोव्हेंबरात आलं आणि अजून कपाटात आहे, हे तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणून तक्रारीचा रस्ता. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेला एकच पत्र लिहा: उत्पन्न खोटं लिहिलं, एफडी म्हणून विकलं, पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून तीन लाख परत द्या. सोबत पेन्शनचा कागद, अर्जाची प्रत आणि तो पेनाने केलेला हिशोब जोडा. हीच तक्रार विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर मुलाला टाकायला सांगा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवी झाली तर विमा लोकपालाकडे जा. तुमच्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील नाही.

तिथेही काही झालं नाही तर सरेंडर, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद करून मिळेल ते परत घेणं. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकलेल्या पॉलिसींना नवा नियम लागू आहे, त्यामुळे एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल आणि वर्ष पूर्ण झालं असेल तर काहीतरी परत मिळतं. पूर्वी अशा पॉलिसीत एका वर्षात बाहेर पडलं की हात हलवत यावं लागायचं. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज दीड ते पावणेदोन लाखांचा आहे, नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. पण घाईने सरेंडर करू नका. आधी तक्रार, मग तिचा निकाल, आणि सगळ्यात शेवटी सरेंडर. एकदा सरेंडरच्या अर्जावर सही केली की "तुम्ही खुशीने बंद केली" म्हणायला ते मोकळे.

तिनातले सव्वा-दीड लाख बुडतील म्हणून तुमचा जीव वर-खाली होणार, मला कळतं. बँकेतला माणूसही नेमकं हेच म्हणेल: "काका, भरलेले वाया कशाला घालवता, अजून एक हप्ता भरा." पाच हप्ते भरून दम तुटला तर पंधरा लाख अडकलेले असतील आणि नियमाने हमी त्यातल्या निम्म्याचीच. थोडे जास्तही मिळतील कदाचित, पण तोवर एफडी गेलेली आणि तिचं व्याजही गेलेलं. सव्वा-दीड लाखावर सुटलात तर स्वस्तात सुटलात.

आता इंटरनेट. खरं सांगू, तुमची साडेतीन पानं वाचताना मला कौतुकच वाटलं. रोज रात्री साडेआठला स्पीड तपासून वहीत लिहिलेले आकडे, अकरा स्क्रीनशॉट, तीन तक्रार क्रमांक, कोण किती वाजता काय बोललं. बारा हजारांसाठी एवढी वही. पॉलिसीसाठी एक पान लिहिलं असतंत तरी पुरे होतं.

शंभर एमबीपीएस वेगाचा प्लॅन कोणासाठी घेतलात? मुलगा गणपती, शिमगा आणि मे धरून वर्षाला चाळीस दिवस येतो. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. बाकीचे दिवस तुम्ही दोघं, टीव्ही आणि यूट्यूब. त्याला तीसचा प्लॅनसुद्धा भरपूर झाला. "शंभरपर्यंत" मधला 'पर्यंत' हा शब्द कंपनीचा, शंभर हा आकडा फक्त तुमचा. एका टॉवरवरचा वेग सगळ्या घरांत वाटला जातो, म्हणून रात्री आठनंतर तुमचं चाक फिरतं. आणि ओली पानं सिग्नल खातात, हे त्या माणसाने खोटं सांगितलं नाही. तुमच्या घराच्या आणि टॉवरच्या मध्ये फणस नेमका वाईट जागी आहे. पण म्हणून झाड तोडायचं? गोठ्याच्या बाजूला लोखंडी पाइप उभा करून अँटेना तिथे हलवून मागा, आणि वाय-फायवर नाही तर राउटरला वायर लावून वेग मोजा. माझ्या माहेरच्या घरी एका कंपनीचा असाच डबा होता. सहा महिने आम्ही टॉवरला शिव्या दिल्या, दोष होता मधल्या जाड चिऱ्याच्या भिंतीचा.

दुसऱ्या वर्षाचे पैसे एकरकमी भरू नका. बसवणी फुकट म्हणजे हजारभर वाचले आणि बारा हजार त्यांच्याकडे अडकले. तुमच्या हातात भांडायला काही उरलं नाही ते त्यामुळेच. केबलवाल्याचा हिशोब: महिन्याला ७०८, वर्षाला साडेआठ हजार, पहिल्या वर्षी जोडणी धरून साडेअकरा. म्हणजे पहिल्याच वर्षी स्वस्त आणि पुढे चार हजार वाचतात. फक्त शेजारच्या दोन घरांत विचारा की महामार्गाचं काम चालू असताना त्याची केबल तुटली तर जोडायला किती दिवस लावतो. आठवडा म्हणाले तर त्याच्याकडेही जाऊ नका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मुलाचं भागेल.

राउटरचे २,५०० त्या माणसाच्या हातात रोख देऊ नका. यंत्र कंपनीचं आहे, तर विजेने गेल्यास पैसे कोणाचे हे करारात असतं. ते कलम लेखी मागा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करा, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. दूरसंचार नियामक 'ट्राय' एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, तिकडे पत्र लिहून वेळ घालवू नका. ग्राहक आयोगात मात्र जाता येतं, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. पण अडीच हजारांसाठी रत्नागिरीच्या फेऱ्या मारण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. कनेक्शन सोडलंत तर अँटेना आणि राउटर परत दिल्याची पावती घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी त्यांचं बिल येतं.

आणि बँकेत मँडेट रद्द करायला जाताना मुलाला सोबत न्या. तो गणपतीला आलाय म्हणता, आणि तुमच्याच वहीप्रमाणे पावसात नेट बंद, तेव्हा दुपारी त्याला दुसरं काम नाही.