जुन्या पायथनचा आधार काढताना

प्रश्न : कॉन्फिग फाइल वाचणारी एक छोटी मुक्तस्रोत पायथन लायब्ररी मी सांभाळते. पायथन ३.९ चा आधार काढायचा आहे, म्हणजे पुढच्या आवृत्त्या ३.९ वर चालवायच्या नाहीत. नवी आवृत्ती टाकली की ३.९ वापरणाऱ्यांचं चालू काम बंद पडेल का? आणि आवृत्तीचा कोणता आकडा वाढवायचा? – एक वाचक, पुणे

उत्तर : ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, आता तिला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. तेव्हा आधार जरूर काढा. कुणाचं काम अडू नये हे एका ओळीवर ठरतं : लायब्ररीची माहिती असलेल्या पायप्रोजेक्ट.टॉमल फाइलमध्ये 'रिक्वायर्स-पायथन'पुढे '>=३.१०' लिहा. पिप हा लायब्ररी बसवणारा प्रोग्राम ही ओळ वाचतो आणि ३.९ च्या मशीनवर नवी आवृत्ती वगळून तिला चालणारी शेवटची आवृत्ती उतरवतो. बरेच जण फक्त क्लासिफायर, म्हणजे 'कोणत्या पायथनवर चालते' ते सांगणारे शिक्के, बदलतात. ते माणसांच्या माहितीसाठी असतात, पिप त्यांच्याकडे बघतही नाही.

क्रम महत्त्वाचा. रखडलेल्या सगळ्या दुरुस्त्या घालून ३.९ साठी एक शेवटची आवृत्ती काढा. मग ही ओळ बदला, आणि त्यानंतरच नवी वाक्यरचना वापरा. ओळ विसरून कोडमध्ये ३.१० पासूनचं 'मॅच' आलं, तर ३.९ वर पिप लायब्ररी बिनतक्रार बसवतो आणि इम्पोर्ट करताच सिंटॅक्सएरर (वाक्यरचना न कळल्याची चूक) येतो. पायपीआय या लायब्ररींच्या सार्वजनिक साठ्यावर चढवलेल्या आवृत्तीची ही माहिती मागाहून बदलता येत नाही. तसं झालंच तर ती आवृत्ती यँक करा, म्हणजे मागे घ्या, आणि ओळ दुरुस्त करून पुढच्या क्रमांकाची काढा. यँक म्हणजे पुसणं नव्हे : ज्यांनी नेमका तोच क्रमांक '==' लावून मागितलाय, त्यांना ती मिळत राहते.

उलट बाजूने '<३.१४' अशी वरची मर्यादा मात्र घालू नका. ३.१४ वर पिप मागे मागे जात, मर्यादा नसलेली एखादी जुनाट आवृत्ती शोधून बसवतो. मग येणाऱ्या तक्रारींचं मूळ सापडता सापडत नाही.

चाचण्या कोणत्या पायथनवर चालवायच्या ते सांगणाऱ्या यामल फाइलमधून ३.९ काढताना ३.१० अवतरणचिन्हांतच ठेवा. नाहीतर ती दशांश संख्या ठरते, शेवटचं शून्य गळतं आणि यंत्रणा पायथन ३.१ शोधत बसते.

रफ या कोड तपासणाऱ्या साधनाचं टार्गेट-व्हर्जन 'पीवाय३१०' करून त्याच्या 'यूपी' नियमांनी कोड नवा करा, पण वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत). शेकडो ओळींच्या त्या बदलात खरी दुरुस्ती मिसळली, तर ती ३.९ साठीच्या जुन्या शाखेत (कोडच्या वेगळ्या धाग्यात) नेताना जीव मेटाकुटीला येतो. टॉमल फाइली वाचायला टॉमली ही बाहेरची लायब्ररी वापरत असाल, तर हे अवलंबन इतक्यात काढू नका. तेच काम करणारं टॉमललिब ३.११ पासून पायथनमध्ये आहे, ३.१० ला टॉमली लागतंच.

आकड्याचं म्हणाल, तर ती ओळ बरोबर असेल तेव्हा मधला आकडा वाढवणं पुरे. शेवटचा आकडा वाढवून हे कधीच करू नका, कारण ती आवृत्ती लोक डोळे मिटून घेतात.

रेड हॅट ९ या लिनक्स प्रणालीसोबत ३.९ येतं आणि त्याच्या दुरुस्त्या ती कंपनी स्वतः पुरवते. तिथले लोक 'अजून आधार द्या' म्हणतील. त्यांना शेवटच्या आवृत्तीचा क्रमांक सांगा आणि तिची शाखा जपून ठेवा : गंभीर सुरक्षा-त्रुटी निघाली, तर दुरुस्ती तिथेच करता येईल.