‘आकडे तर आकडेच असतात. मग ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी अभ्यासकांना आपल्या समाजाबद्दलच्या आकड्यांवर हक्क कशाला हवा?’ असं तुम्ही विचारलंत.

मी मेलबर्नला आकडेमोडीचीच नोकरी करतो आणि पहिली काही वर्षं माझंही मत अगदी तुमच्यासारखंच होतं. आकड्याला कसली आली जातपात! मत डळमळलं ते इथल्या राज्यघटनेतलं जुनं कलम १२७ वाचल्यावर.

देशाची किंवा राज्याची लोकसंख्या काढताना मूळ रहिवाशांना धरू नये, असं १९०१पासून त्या कलमात चक्क लिहिलेलं होतं. शिरगणतीवाले त्यांची माहिती गोळा करत होतेच, पण ज्याचं निम्म्याहून जास्त रक्त आदिवासी, तो अंतिम बेरजेतून वजा. १९६७च्या सार्वमतात ९०.७७ टक्के लोकांनी कौल दिला तेव्हा हे कलम गेलं. (त्याच वर्षी त्यांना मताधिकार मिळाला असं नेटवर जागोजागी वाचाल. ते चूक आहे. केंद्रीय निवडणुकीतला मताधिकार १९६२चा.)

त्याहून मला अस्वस्थ करते ती टास्मानिया या इथल्या बेटाची गोष्ट. १८७६ साली त्रुगानिनी नावाची बाई वारली आणि ‘शेवटची टास्मानियन गेली’ असं जाहीर झालं. तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९४७पर्यंत लोकांना बघायला मांडून ठेवला होता. तिच्या इच्छेप्रमाणे रक्षा समुद्रात सोडायला १९७६ उजाडलं. आणि ज्यांना संपलेले म्हटलं ते लोक? ते तिथेच होते. फॅनी कॉक्रेन स्मिथ या बाईंनी १८९९ आणि १९०३मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर (तेव्हा आवाज त्यांवर मुद्रित करत) आपल्या भाषेतली गाणी गाऊन ठेवली आहेत. बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर घरंच्या घरं नांदत होती. २०२१च्या जनगणनेत टास्मानियातल्या तीस हजारांवर लोकांनी स्वतःची नोंद आदिवासी म्हणून केली. म्हणजे कागदावर शून्य, घरात माणसं.

आकड्यांवर हक्क मागणाऱ्या ज्या अभ्यासकांबद्दल तुम्ही विचारताय त्यांच्यातलं एक ठळक नाव याच बेटावरचं आहे. प्रा. मॅगी वॉल्टर या पलावा, म्हणजे टास्मानियाच्या आदिवासी समाजातल्या समाजशास्त्रज्ञ. त्या आकड्यांच्या विरोधात अजिबात नाहीत, उलट संख्याशास्त्र आपल्या लोकांनी हातात घ्यावं म्हणतात. त्यांचा आक्षेप असा, की सरकारी तक्ते त्यांच्या समाजाबद्दल फिरून फिरून पाचच गोष्टी सांगतात: तफावत, वंचितपणा, मागासलेपण, बिघाड आणि वेगळेपण. आकडा खोटा नसतो, पण काय मोजायचं हे ठरवणारा नेहमी बाहेरचा असतो. मूल शाळेत किती दिवस आलं नाही हे मोजलं जातं. शाळेत त्याची भाषा बोलणारं कुणी आहे का, याला रकानाच नसतो.

यातूनच ‘डेटावरचं सार्वभौमत्व’ हा शब्द पुढे आला. ऑस्ट्रेलियात २०१७मध्ये ‘मायाम नायरी विंगारा’ हा गट त्यासाठी उभा राहिला. मागणी थोडक्यात एवढीच, की आमच्याबद्दल काय गोळा करायचं, ते कुठे ठेवायचं आणि कुणाला दाखवायचं हे ठरवताना आम्ही हवेत. २०२०मध्ये सरकार आणि आदिवासी संस्थांचा जो राष्ट्रीय करार झाला, त्याच्या चार मुख्य सुधारणांपैकी एक डेटा वाटून घेण्याबद्दलचीच आहे. करार कागदावर चांगला आहे. अंमल फार संथ आहे, असं माझं मत.

‘आदिवासींनीच हे ठरवलं तर यात पक्षपात होणार नाही का?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. माझा अनुभव सांगतो. एका दुर्गम भागातल्या मूत्रपिंडाच्या आजारांचा तक्ता आम्ही वस्तीवार केला होता. वस्त्या इतक्या लहान, की दोन ओळी वाचून कोण आजारी ते गावाला कळावं. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, ते तिथल्या आदिवासींच्या सल्लागार बैठकीत निघालं. मग एका आजींनी विचारलं, “आमचे आजार मोजलेत, तसा आमच्या दुकानात कोबी कितीला मिळतो ते मोजलंत का?” मोजलं नव्हतं. पुढे वस्त्या एकत्र केल्या, दुकानातल्या भाजीच्या भावांचा आणि पिण्याच्या पाण्याचा रकाना वाढवला. काम आठ महिने लांबलं. साहेब वैतागले होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही.