मार्चमध्ये पाणी मोकळे का होते?

प्रश्न : आमचे गाव धूपदाळच्या बंधाऱ्याजवळ आहे. थंडीभर घटप्रभेच्या पाण्यावर बदके आणि करकोचे असतात. पण मार्चमध्ये एखाद्या सकाळी पाहावे, तर निम्मे पाणी मोकळे. ऊन वाढले म्हणून पक्षी जातात, की पाणी उतरते म्हणून? आणि बदकांना जाताना आमच्यापैकी कोणीच कसे पाहिलेले नाही?
(एक वाचक, गोकाक तालुका)

उत्तर : ऊन आणि उतरणारे पाणी यांमुळे फार तर दोन-चार दिवसांचा फरक पडतो, निघण्याचे मूळ कारण ते नव्हे. पाणी भरपूर असले, तरीही हे पक्षी जातातच. त्यांची वीण मध्य आशिया, मंगोलिया आणि सैबेरियाच्या मुलखात होते. तिथला बर्फ वितळल्यावर दिवस लांबच लांब होतात, कीटक आणि कोवळे गवत मुबलक मिळते; मात्र हा हंगाम इतका तोकडा असतो, की उशिरा पोहोचलेल्या जोडीची पिल्ले थंडी पडण्याआधी उडण्याजोगी होतीलच असे नाही. म्हणून निघण्याची वेळ इथल्या उन्हावर नव्हे, तर तिथल्या वसंतावर बेतलेली असते.

तिथला वसंत इथे बसून त्यांना कसा कळतो, हे खरे कोडे आहे. पक्ष्यांच्या शरीरात वर्षाचे एक घड्याळ असते आणि दिवसाच्या लांबीनुसार ते जुळवून घेतले जाते. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो 12 तासांचा होतो. हा तासाभराचा फरक आपल्या लक्षातही येत नाही, पण पक्ष्याचे शरीर तेवढ्यावर बदलू लागते. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या काही लहान पक्ष्यांचे वजन तर निघेपर्यंत जवळजवळ दुप्पट होते. हा बदल डोळ्यांनी पाहायचा असेल, तर कालव्याच्या काठावर शेपटी हलवत फिरणारा पिवळा धोबी पाहावा. जानेवारीत तो मळकट, राखी-पिवळा असतो. मागच्या मार्चमध्ये पाटाच्या कडेला अशा एका नराला मी बराच वेळ न्याहाळत होतो. पोट हळदीसारखे पिवळेधमक झाले होते आणि डोक्यावर जुन्या राखी पिसांच्या मधून नवी काळी पिसे डोकावत होती, जणू कोणी टोपी अर्धीच विणून ठेवली होती. पंधरवड्याने त्याच जागी एकही धोबी नव्हता.

आता जाताना न दिसण्याविषयी. बदके सतत पंख मारत उडतात. त्यांना तापलेल्या हवेचा काही उपयोग नसतो. उलट रात्रीची थंड, स्थिर हवा त्यांना सोयीची पडते. त्यामुळे थव्यामागून थवे साधारणपणे दिवस मावळल्यावर उठतात, आणि आपण जेवणाच्या ताटावर असताना बंधाऱ्यावरून उत्तरेकडे निघून गेलेले असतात. गदग जिल्ह्यात शिरहट्टी तालुक्यातल्या मागडी केरेवर (2024 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेले हे तळे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल) हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब हंसही याच पद्धतीचे. हिमालय ओलांडताना ते रात्रीची आणि पहाटेची दाट हवा पसंत करतात, आणि उपग्रहाद्वारे माग काढलेल्या हंसांपैकी काहींची नोंद 7,000 मीटरांहून अधिक उंचीवर झालेली आहे.

कांड्या करकोचे आणि पांढरे बलाक यांची रीत नेमकी उलटी आहे. (आपण मराठीत दोघांनाही सरसकट करकोचा म्हणून मोकळे होतो. ओळख सोपी आहे : कांड्या करकोचा आकाशातून मोठ्याने ओरडत जातो, बलाकाला मात्र जवळजवळ आवाजच नसतो, तो चोच वाजवतो.) हे जड पक्षी जमीन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून गोल गोल घिरट्या घेत उंच जातात आणि मग एका दिशेला तरंगत निघतात. तेव्हा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बंधाऱ्यावर उभे राहून वर पाहावे. बदकांनी नाही, तरी करकोच्यांनी आपल्याला निरोप घेताना दिसण्याची संधी ठेवलेली आहे. मंगोलियातल्या कांड्या करकोच्यांचा उपग्रहाद्वारे माग काढल्यावर असे आढळले, की शरदात ते हिमालय ओलांडून भारतात येतात. परत जाताना मात्र पश्चिमेकडून वळसा घालून, पर्वताला टाळून जातात. येण्याची वाट एक आणि जाण्याची दुसरी.

प्रश्न : आमच्या हरभऱ्यात फेब्रुवारीत करकोचे उतरतात. फटाके लावून हाकलले तर चालेल का?
(एक शेतकरी, हुक्केरी तालुका)

उत्तर : नुकसान होतच नाही, असे मी म्हणणार नाही, उभ्या पिकात थवा उतरला तर घाटे जातात. पण निघण्यापूर्वीच्या या महिन्यात पक्ष्याची प्रत्येक विनाकारण भरारी साठवलेली चरबी जाळते, आणि ती चरबी म्हणजे त्याची वाटेतली शिदोरी असते. म्हणून दोन गोष्टींत फरक करावा. शेतावर सकाळ-संध्याकाळ माणूस फिरता ठेवला, चमकत्या फिती बांधल्या, तर पक्षी शेजारच्या कापलेल्या रानात सरकतात. त्याला कोणाची हरकत नसावी. संध्याकाळी पाण्याकाठी, त्यांच्या रात्रीच्या मुक्कामावर फटाके लावणे मात्र सर्वांत वाईट, कारण त्याने पीक वाचत नाही आणि थवा रात्रभर भटकतो. काढणी झालेले रान आठवडाभर नांगरले नाही, तर सांडलेल्या दाण्यांवर त्यांचे भागते आणि उभ्या पिकावरचा भार हलका होतो. घटप्रभेचे पक्षी अभयारण्य 1974 पासून आहे आणि त्याचा विस्तार सुमारे 30 चौरस किलोमीटर आहे. पण करकोचे चरतात ते बहुतेक आपल्याच रानात, त्यामुळे अभयारण्याचे निम्मे काम शेतकऱ्याकडे आहे, हे मला वन खात्याच्या फलकांवर लिहिलेले पाहायला आवडेल. पक्ष्याला मारणे किंवा फासे लावणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आपणांस ठाऊक असेलच.

प्रश्न : एप्रिलमध्ये पाण्यावर पाहण्यासारखे काही उरते का?
(एक विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : पुष्कळ उरते. हळदीकुंकू बदक, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी हे इथलेच रहिवासी आहेत. पळस आणि पांगारा फुललेले असताना भोरड्यांचे थवेही दिसतील. त्या एप्रिलपर्यंत थांबतात. एखाद्या पक्ष्याच्या पायात धातूचे कडे दिसले, तर त्यावरची अक्षरे आणि आकडे दुर्बिणीतून वाचून, तारीख व जागेसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळव. जिवंत पक्ष्याचे कडे काढू नये.